हमीदचाचांच्या घरचा चहा

हमीदचाचांच्या घरी चहा मिळायचा, पण हातात नाही. कप किचनच्या ओट्यावर, साखर बाल्कनीत आणि बिस्किटं थेट आतल्या खोलीतल्या कपाटावर. पाहुणा टेकतो न टेकतो तोच चाचा टाळ्या पिटत, "यल्ला, उठा! इथं कोणाला काय आणून मिळायचं नाय!"

चाचा मूळचे रत्नागिरीचे. इथे ओमानात, मत्रहच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि तिथं ते गिऱ्हाइकाला बसवून सरबत पाजायचे. घरी मात्र ही तऱ्हा. म्हातारपणी चळ लागला, असं आम्ही समोरच्या फ्लॅटमधली मंडळी समजत होतो. माझी बायको तर घरूनच चहा पिऊन जाई.

इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सगळे फुलं टाकत, चाचा उकडलेल्या अंड्याचा फोटो. लिफ्टमध्ये कुणी साठीचा भेटला की विचारपूस सुरू, "मच्छी खाता? ऊन घेता? ओमानात राहून ऊन गोळ्यांतून खायची पाळी!"

एकदा मी वैतागून म्हणालो, "चाचा, माणसानं तुमच्याकडे पाहुणचाराला यायचं की कवायतीला?"

ते हसले नाहीत. हळू आवाजात सांगू लागले. झुलेखाचाची तापातून उठल्या त्या अशक्त होऊन. मग चाचांनी त्यांना हलूच दिलं नाही. पाणी हातात, जेवण पलंगावर. चाचींची भूक मेली, चहा-पावावर दिवस जाऊ लागले. वर्षभरात त्यांना खुर्चीतून उठता येईना.

"डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, मोठा रोग नाय. न वापरून मांड्यांतली ताकद गेली, उन्हातून मिळतं ते व्हिटॅमिनपण कमी. नीट खायला घाला, रोज उठवा, चालवा." चाचांनी चाचींकडे पाहिलं. "मी लाड करत होतो रे. लाडानंच तिचे पाय घालवले."

समोर खुर्चीत बसलेल्या चाची उठू लागल्या. अर्ध्यात अडखळून पुन्हा बसल्या. मी पुढे धावलो, तर चाचांनी माझा शर्ट धरून मला मागे खेचलं आणि स्वतः त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"द्या ना हात," चाची म्हणाल्या.

"नाय देणार. तू उठ."

चाचांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. मी मागेच होतो. बोटं एकमेकांत रुतलेली मला दिसत होती.

चाचींनी पुन्हा जोर लावला. उठल्या. उभ्या राहिल्या. मग एक पाऊल पुढे टाकून त्यांनी ओढणीच्या टोकानं चाचांचे डोळे पुसले.