काकूंची तारीख

"नुसतं बघतो, एक अक्षर लिहिणार नाही," असं स्वतःला बजावून स्टेनोकाका त्या ग्रुपमध्ये शिरले, आणि तिथेच सगळं बिघडलं.

ग्रुप होता एका खुनाच्या खटल्याचा. घड्याळाच्या दुकानातल्या एका भागीदाराने दुसऱ्याला मारलं होतं. गुन्हा शाबीत झाला होता, आता शिक्षा किती द्यायची एवढाच प्रश्न उरला होता, आणि कोर्टाचं कामकाज घरबसल्या थेट दिसत होतं. चारशे सोळा माणसं त्यावर रोज हमरीतुमरीवर येत होती. निम्मी फाशीच्या बाजूची, निम्मी जन्मठेपेच्या. (दोन्हीकडच्यांनी आरोपीला जन्मात पाहिलं नव्हतं.) बऱ्याच जणांना कामाच्या ठिकाणी आवाज लावून ऐकता येत नसे. "अहो, कुणीतरी काय चाललंय ते लिहा ना!" अशी एका दंतवैद्याने विनवणी केली. तो बिचारा पेशंटच्या तोंडात आरसा घालून खटला बघत होता.

काकांची बोटं शिवशिवली. चौतीस वर्षं त्यांनी कोर्टात बसून लोकांचं बोलणं उतरवून घेतलं होतं. लघुलिपीत घ्यायचं, मग मशीनवर चार कार्बन लावून टाइप करायचं. तो डोक्यावर कुरकुरणारा पंखा, कार्बनने निळी झालेली बोटं, जांभई दाबत "स्वल्पविराम" सांगणारे जुने न्यायाधीश, ओळ संपली की वाजणारी मशीनची घंटी, हे सगळं निवृत्तीनंतर त्यांना फार आठवे. दुपारी खिडकीत बसलं की नाक पुसावं लागे. (काकूंना ते सर्दी झाली म्हणून सांगत.)

तेव्हा काका लिहायला लागले आणि दोन दिवसांत ग्रुपचे लाडके झाले. एक निवृत्त लघुलेखिका मॅडम तर म्हणाल्या, "इतकं नेमकं काम हल्ली कुठे बघायला मिळतं!" काकांनी तो निरोप काकूंना तीनदा वाचून दाखवला.

"छान," काकू म्हणाल्या. "डोळ्यांच्या डॉक्टरांचं काय झालं?"

काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनआधीच्या तपासणीची तारीख दोनदा मिळाली होती आणि दोन्ही वेळा नेमकी खटल्याचीही तारीख निघाली होती. काका दोन्ही वेळा "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणाले होते. आता तिसरी तारीख गुरुवारी बाराची होती. ही चुकली तर डॉक्टर दोन महिने परगावी, आणि काकूंना हल्ली साखर कुठली नि मीठ कुठलं तेही चव घेऊन ठरवावं लागत होतं.

गुरुवारी अकराला कोर्ट बसलं. त्या दिवशी मारल्या गेलेल्या भागीदाराची बायको न्यायाधीशांपुढे आपलं म्हणणं मांडणार होती आणि त्यानंतर शिक्षा सुनावली जाणार होती. काकांनी आवाज मोठा केला, चष्मा पुसला, बोटं मोडली आणि सुरुवात केली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कोर्टात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाची बोटं डोक्याला विचारत नाहीत. खोलीत कोणीही बोललं की ती उतरवून घेतात. कोर्टात हे ठीकच होतं, कारण तिथे काकू नव्हत्या.

इथे त्या दारात उभ्या होत्या, नेसून, पर्स खांद्याला लावून.

ग्रुपवर मजकूर उमटू लागला. "महाराज, आमचं लग्न झालं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. त्यांनी दुकान उभं केलं तेव्हा मी शेजारी होते. सव्वाअकरा झाले. मी चाळीस वर्षं या माणसाच्या वेळा सांभाळल्या, माझी एक वेळ याने सांभाळली नाही."

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी रडणारे सात चेहरे पाठवले. "आता माझ्या डोळ्यांपुढे सगळा अंधार आहे, महाराज," असं पुढे आलं, तेव्हा जन्मठेपेच्या बाजूचे तिघे फाशीकडे गेले. मग आलं, "मी काही मागत नाही. फक्त एकदा उठा, चप्पल घाला आणि रिक्षा बोलवा."

रडणारे चेहरे यायचे थांबले.

"काका," दंतवैद्याने विचारलं, "हे न्यायाधीशांना म्हणाली ती?"

"दूध झाकलंय, गॅस बंद केलाय, आता तरी त्या पेटीपुढून हलता का?" असं उत्तर उमटलं. काका पडद्यावरच्या कोर्टाकडे बघत होते, ग्रुपकडे नव्हे. त्यांनी तेही इमानेइतबारे टाइप केलं होतं.

मग जे व्हायचं ते झालं. घड्याळवाला आरोपी राहिला बाजूला, आणि चारशे सोळा माणसांनी स्टेनोकाकांना पिंजऱ्यात उभं केलं. आपण काय पाठवलंय ते वाचून काकांच्या तोंडचं पाणी पळालं. फाशीवाले आणि जन्मठेपवाले पहिल्यांदाच एका सुरात बोलले: काका दोषी.

"बचावाला काही सांगायचंय?" मॅडमनी विचारलं.

सांगायचं होतं. काकांनी मोठ्याने म्हणत म्हणत लिहिलं, की लग्नाआधी ते काकूंना बघायला गेले तेव्हा त्या अर्धा तास बोलल्या, आणि आपण तो शब्द न् शब्द लघुलिपीत वहीत उतरवून घेतला. निघताना पान फाडून काकूंच्या हातात दिलं. "तुमचं बोलणं. जपून ठेवा." याहून जास्त कोणता नवरा ऐकणार?

हे मात्र खरं होतं. त्या पानावर भाळूनच काकू हो म्हणाल्या होत्या. वडिलांच्या घरात त्यांचं बोलणं कोणी ऐकून घेतलं नव्हतं, आणि हा बारीक मिशांचा मुलगा ते लिहून घेत होता! लघुलिपी वाचता येत नसली तरी चाळीस वर्षं त्यांनी ते पान बिस्किटांच्या डब्यात जपलं होतं. भांडण झालं की काढून बघायच्या आणि राग जायचा. आताही त्या आत गेल्या आणि डबाच घेऊन आल्या. "दाखवा त्यांना," असं म्हणताना त्यांचा आवाज मऊ झाला होता.

काकांनी फोटो पाठवला. मॅडम बराच वेळ काही लिहीत होत्या आणि पुसत होत्या.

"ताई," शेवटी त्यांनी काकूंना विचारलं, "तुम्ही त्या दिवशी सायकलबद्दल काही बोलला होतात का?"

"नाही बाई," काकांनी वाचून दाखवल्यावर काकू म्हणाल्या, आणि काकांच्या बोटांनी तेही उतरवून घेतलं.

"मग यात लिहिलंय ते असं. साक्षीदार क्रमांक पाच. सायकल माझीच आहे. घंटी माझी नाही."

काकांनी घाबरून चुकून आदल्या दिवसाचं, कोर्टातल्या साक्षीचं पान फाडलं होतं. काकूंचं बोलणं वहीत राहिलं, आणि वही कधीच कोर्टाच्या रद्दीत गेली.

काकूंनी पान घडी करून पुन्हा डब्यात ठेवलं, हे बघून काकांना रडूच आलं. (या वेळी सर्दीचं नाव काढायची सोय नव्हती.) ग्रुपने शिक्षा सुनावली: आत्ता दवाखान्यात जायचं, वाटेत काकू जे बोलतील ते उतरवून घ्यायचं, आणि पान मॅडमनी तपासायचं.

बाराला पाच कमी असताना दोघं दवाखान्यात पोचले. रिक्षात काकू बोलल्या. बावीस वर्षांच्या असताना जे बोलल्या होत्या ते आठवून आठवून पुन्हा बोलल्या: शिकायचं राहिलेलं, बघायचा राहिलेला समुद्र, मोठ्या बहिणीचं लग्न. काकांनी सगळं घेतलं. पेन्सिल कितीतरी वर्षांनी अशी पळत होती.

नर्सने काकूंच्या डोळ्यांत औषध घातलं आणि अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं. काकूंनी पान आणि मॅडमचा नंबर घालून घेतलेला आपला फोन नर्सच्या हातात दिला. "एवढा फोटो त्या मॅडमना पाठव गं. एकदा फसले आहे."

थोड्याच वेळात मॅडमचा आवाजी निरोप आला. काकूंचे डोळे मिटलेले होते म्हणून नर्सने तो मोठ्याने लावला. बाकावरचे सगळे पेशंट डोळे मिटून ऐकू लागले.

"ताई, शब्द न् शब्द बरोबर आहे. समुद्राचं वाचून मला भरून आलं. काकांनी मनापासून ऐकलंय."

काकांचा जीव भांड्यात पडला.

"फक्त समासात बारीक एक ओळ आहे, तीही वाचते. 'औषध घातल्यावर ही डोळे मिटून बसेल. तेवढ्यात तिकडे घड्याळवाल्याला शिक्षा काय झाली ते फोनवर बघून घेणे.'"

काकूंनी डोळे न उघडताच हात पुढे केला.

काकांनी मुकाट्याने फोन दिला.