गजभियेकाकांचं आज काय दुखतंय

आमच्या शेजारचे गजभियेकाका संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला बेल वाजवायचे आणि दार उघडल्याबरोबर, नमस्कार वगैरे काही न करता, आज शरीराचा कोणता भाग दुखतोय ते सांगायचे.

"डावा गुडघा. आतल्या बाजूनं. सेव्हरिटी थ्री."

डोक्यावर हेल्मेट असायचं. सायकल पहाटेच चालवून झालेली असायची, मग दिवसभर घरूनच ऑफिस झालेलं असायचं, पण माझ्याकडे येताना ते हेल्मेट घालूनच यायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "पेशंटनं येताना केसपेपर आणायचा असतो न? हाच माझा केसपेपर."

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची नाशिकची, आता इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोमध्ये एका क्लिनिकात काम करते. मी डॉक्टर नाही, असं काकांना शंभरदा सांगून झालं आहे. "दुखणं तुमच्या हातानं जातं न? मग डॉक्टरच," असं म्हणून ते मला डॉक्टरीणबाई म्हणतात. काका मूळचे नागपूरचे, वय अठ्ठावन्न. पंचवीसेक वर्षं डेटाबेस सांभाळण्यात गेली. त्यांच्या कंपनीत काही बिघडलं की त्याचं तिकीट उघडतात, म्हणजे तक्रार नोंदवतात, आणि ती किती गंभीर त्याचा नंबर देतात. वन म्हणजे सगळं ठप्प, फोर म्हणजे सवडीनं बघा. तीच पद्धत त्यांनी स्वतःच्या शरीराला लावली होती. मी दोन व्यायाम दाखवायचे, ते तिथेच हॉलमध्ये करून बघायचे, चहा घ्यायचे आणि "तिकीट क्लोज" म्हणून घरी जायचे.

हे सुरू झालं गेल्या मार्चमध्ये. रक्ताच्या रिपोर्टमध्ये साखर वाढलेली निघाली आणि त्यांच्या डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं. काकांना ते पटलं नाही.

"जिथून निघालो तिथंच परत यायचं, आन् तेही इतक्या हळू?"

"काका, सायकलवरूनही तिथंच परत यायचं असतं."

"पण लवकर," काका म्हणाले. पुढच्या शनिवारी गॅरेजसमोर निळी सायकल उभी होती.

शाळेत असताना त्यांनी सायकल चालवली होती, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी. सगळं डोक्याला आठवत होतं, शरीराला नव्हतं. पहिल्या दिवशी गल्लीतली मुलं आपापल्या सायकली थांबवून बघत राहिली. काका निघाले, पंधरा फूट सरळ गेले, मग समोरच्या टपालाच्या पेटीकडे एकटक बघत तिच्याचकडे चालले आणि तिला दोन्ही हातांनी मिठी मारून थांबले. "ब्रेक चांगला आहे," पेटीला धरूनच त्यांनी मला ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. काका उभे होते. आत या म्हटलं, आले. बसा म्हटलं, बसेनात.

"कुठे दुखतंय?"

काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. "आता कसं सांगू बाप्पा तुम्हाला," ते म्हणाले. "म्हणजे माणूस ज्याच्यावर बसतो न, तो सगळा विभाग."

मी गंभीर चेहरा ठेवून सांगितलं, की बसण्याची दोन हाडं असतात, नव्या माणसाला पहिले दहा-बारा दिवस तिथे दुखतंच, मग त्या भागाला सवय होते. काकांनी मान डोलावली आणि दहा-बारा दिवस आमच्याकडे उभ्यानं चहा घेतला. मधल्या काळात त्यांनी आत गादी शिवलेली सायकलची चड्डी मागवली आणि ती पँटच्या आत घालून आले. माझी नऊ वर्षांची इरा बराच वेळ निरखून बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, "काका, आर यू वेअरिंग अ डायपर?"

"सीट कुशन आहे," काका शांतपणे म्हणाले. "मी सोबतच घेऊन फिरतो."

मग एकेक अवयवानं नंबर लावला. गुडघ्यांचं दुखणं सीटमुळे होतं. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर टेकले पाहिजेत, म्हणून त्यांनी सीट इतकी खाली घेतली होती की पेडल मारताना गुडघे हनुवटीला भेटायचे. मी स्वतः पाना घेऊन ती दोन इंच वर चढवली. काकांनी आठवडाभर माझ्याकडे संशयानं बघितलं, पण गुडघे दुखायचे थांबले. त्यानंतर हाताची शेवटची दोन बोटं बधिर व्हायला लागली. हँडलवर सगळा भार टाकल्यानं तसं होतं. "हात बदलत राहा, कोपर थोडं वाकवा," मी सांगितलं. मग मान. मग पोटऱ्या. प्लेनो सपाट आहे, चढ म्हणावा असा एकही नाही, पण वारा आहे. "जाताना समोरून येतो," काका सांगायचे, "म्हटलं ठीक आहे, येताना पाठीशी राहील. तर येतानाही समोरूनच. याची ड्यूटी माझ्यावरच लावली आहे का?"

पहिल्या दोन महिन्यांत त्यांचं वजन तीन पौंड वाढलं. मला आश्चर्य वाटलं. खोलात गेल्यावर कळलं, की सहा मैल चालवून आलं की काका वाडगाभर चिवडा खायचे, कारण "एवढी मेहनत केली, तर शरीराला काही वाटलं पाहिजे न."

पण शरीर बदलत गेलं. चिवडा मुठीवर आला. बेल्ट एक भोक आत गेला, मग आणखी एक. हेल्मेटच्या पट्ट्यांचे दोन गोरे पट्टे गालांवर उमटले. बोलताना लागणारी धाप गेली. साखर उतरली, तो रिपोर्ट त्यांनी मला फोनवर दोनदा पाठवला. दर रविवारी सिॲटलहून त्यांच्या मुलीचा, मृणालचा फोन यायचा. कधी ते आमच्याकडेच असताना आला, तर त्यांचं ठरलेलं उत्तर ऐकू यायचं, "एकदम फर्स्ट क्लास. काही दुखत-बिखत नाही." आणि फोन ठेवून माझ्याकडे वळायचे, "हं, तर मी काय सांगत होतो, उजवा खांदा."

सप्टेंबरमधली गोष्ट. शनिवारी सकाळी मी क्लिनिकला निघाले होते. सिग्नलला थांबले तर बाजूच्या सायकलींच्या रस्त्यावरून एक माणूस सायकलवर चालला होता. पाठ सैल, कोपरं वाकलेली, एका हातानं बाटलीतून पाणी पिणं चाललेलं. रंगीत जर्सी घातलेल्या दोन तरुण पोरांना त्यानं सहज मागे टाकलं. मी मनात म्हटलं, याला कुणीतरी नीट शिकवलं आहे. मग गालावरचे पट्टे दिसले.

त्याच संध्याकाळी काका कमरेला हात लावून, लंगडत दारात उभे. "कंबर. सेव्हरिटी टू."

मी वीस वर्षं लोकांचं लंगडणं बघते आहे. दुखणारा माणूस दुखऱ्या पायावर कमी वेळ टेकतो. तो ते ठरवून करत नाही, शरीरच करतं. काका आत येताना उजव्या पायानं लंगडले. चहा झाला, व्यायाम झाले, आणि परत जाताना ते डाव्या पायानं लंगडत गेले.

दुसऱ्या दिवशी मान दुखत होती, तिच्यासाठीही मी दोन व्यायाम दाखवले. माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, त्यांना काहीच होत नाहीये मग? तू कशाला वेळ घालवतेस?" पण पावणेसात वाजले की मी चहाचं आधण चढवत राहिले.

नोव्हेंबरमध्ये काका यायचे थांबले. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. गावाला गेले असतील म्हणावं, तर गाडी दारात होती. सकाळी सायकलही बाहेर पडताना दिसत नव्हती. पाचव्या दिवशी इरानं विचारलं, "डिड यू से समथिंग मीन टू काका?" मी डब्यात वरण-भात भरला आणि त्यांच्या दारात गेले.

दार उघडायला वेळ लागला. घरात गरम होत असतानाही काकांनी जाड जॅकेट घातलं होतं, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.

"या, या. काही नाही, मजेत. कामच खूप होतं."

"काय दुखतंय?"

"काहीच नाही."

त्यांच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच बसत होते. भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेब, आणि खाली लाकडी कपाटावर शालिनीकाकूंचा फोटो. काकू गेल्यानंतर वर्षभरानं आम्ही इथे राहायला आलो, त्यामुळे मी त्यांना फोटोतच ओळखते. काका स्वयंपाकघरात चहा करत होते. साखरेच्या डब्याचं झाकण त्यांनी डाव्या हातानं उघडायचा प्रयत्न केला. मग डबा पोटाशी दाबून. मग ते नुसतेच डब्याकडे बघत उभे राहिले.

मी उठले आणि त्यांची उजवी बाही वर केली. मनगट सुजून निळं-पिवळं झालं होतं.

"कधी?"

"सोमवारी," काका म्हणाले. नव्या बुटांनी घात केला होता. त्या बुटांचे तळवे पेडलमध्ये अडकतात, पाय काढायचा तर टाच बाहेर फिरवावी लागते. काका सिग्नलला थांबले, पाय काढायचं विसरले, आणि सायकलसकट आडवे झाले. "स्पीड झिरो होता," ते म्हणाले. "एवढ्या हळू पडलो, की पडता पडता मला कळून राहिलं होतं की आपण पडून राहिलो."

मी त्यांना गाडीत घालून अर्जंट केअरला, म्हणजे तातडीच्या दवाखान्यात नेलं. हात असा, म्हणून फॉर्म मी भरला. नाव, वय, औषधं. मग रकाना आला, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं. काकांनी मृणालचा नंबर तोंडपाठ सांगितला. मी लिहिला. थोड्या वेळानं म्हणाले, "पण ती सिॲटलला आहे. विमानानं चार तास लागतात. त्यांना जवळचं कोणी पाहिजे असेल न?" आणि समोरच्या पाण्याच्या मशीनकडे बघत बसले. मी त्याखाली माझं नाव लिहिलं आणि माझा नंबर. नात्याच्या जागी 'शेजारी' लिहिलं, ते खोडलं, आणि 'पुतणी' लिहिलं.

एक्स-रेत मनगटाच्या हाडाला बारीक चीर निघाली. सहा आठवडे प्लास्टर. परत येताना मला राग आवरेना.

"कंबर दुखत नव्हती तेव्हा लंगडत आलात. हाड मोडलं तर पाच दिवस घरात लपून बसलात. याला काय म्हणायचं, काका?"

काका एकदम माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"येताना उजवा पाय, जाताना डावा."

ते हसले. हसू फार टिकलं नाही.

"खरं दुखणं घेऊन कोणाच्या दारात जायचं म्हणजे त्याला कामाला लावणं होते," ते म्हणाले. "मृणालला कळलं तर ती नोकरी सोडून धावत येईल, आन् सायकल बंद करून जाईल. लहानसहान दुखण्याचं बरं असते. कोणाला त्रास नाही."

"पण नसलेलं दुखणं कशाला सांगायचं?"

"मे-जूनपर्यंत खरंच दुखत होतं. मग एकेक थांबत गेलं." काकांनी प्लास्टरवरून बोट फिरवलं. "शालिनी रोज विचारायची. लॅपटॉप बंद केला की येऊन उभी राहायची. 'आज काय दुखून राहिलं?' मी म्हणायचो, काही नाही. खरंच काही नसायचं. मग ती आत जायची. तीस वर्षं मी हेच उत्तर दिलं. आता वाटते, काहीतरी सांगायला पाहिजे होतं. पाठ म्हणा, मान म्हणा. खोटं तर खोटं. दहा मिनिटं बसली असती जवळ."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मृणालला फोन मी केला. ती आली, चार दिवस राहिली, आणि सायकल बंद करून गेली नाही. फक्त ते बूट पिशवीत भरून सोबत घेऊन गेली. जानेवारीत प्लास्टर निघालं. आता काका साध्या बुटांत सायकल चालवतात, आणि संध्याकाळी येतात. येऊन सरळ बसतात. कधी इराला गणित शिकवतात, कधी नुसताच चहा पितात. दुखण्याचा विषय निघाला तर निघतो.

परवा मी क्लिनिकमधून थकून आले होते. चहा गाळून काकांच्या हातात कप दिला आणि परत ओट्याकडे वळले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"डॉक्टरीणबाई, तुमचं काय दुखून राहिलं आज?"

"काही नाही," मी म्हणाले. सवयीनं. दिवसभर दुसऱ्यांना विचारते. मला हे कुणी कधी विचारलं होतं, आठवेना. मी माझा कप घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"खांदा," मी म्हणाले. "उजवा. आठ दिवस झाले."

"हं," काका म्हणाले, आणि कप बाजूला ठेवून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "सांगा नीट. केव्हापासून?"