गुब्र्यापर्यंतची कादंबरी

बाबामियाँच्या गाडीत गेले तीन आठवडे एक अमेरिकन कादंबरी चालू होती, आणि जिच्यासाठी ती चालू होती ती मुलगी मागच्या सीटवर गाढ झोपत होती.

कल्पना बाबामियाँचीच. लेक उमामाची अमेरिकन साहित्याची परीक्षा जवळ आली होती आणि पुस्तक हातात घेतलं की तिला जांभया येत. शाळेच्या लायब्ररीतून कादंबरी ऐकायलाही मिळते असं कळल्यावर त्यांनी ती आपल्या फोनवर घेतली. सकाळी मस्कतच्या अल हैलहून शेजारचा नबील बरोबर निघायचा, मवालेहला क्लेमेंट चढायचा, गुब्र्याला नबील उतरायचा, थोडं पुढे उमामाची शाळा, आणि मग दोघं मित्र रूवीच्या ऑफिसला. पोरगी उतरल्यावर कादंबरी बंद करावी हे कधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना ते लक्षात आणायचं नव्हतं.

परीक्षा रविवारी, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर शाळा उघडताच. गुरुवारी संध्याकाळी उमामा रडवेली होऊन खोलीतून बाहेर आली. लायब्ररीची मुदत संपून कादंबरी फोनवरून नाहीशी झाली होती आणि पुस्तक राहिलं होतं शाळेच्या लॉकरमध्ये.

"पण तू रोज ऐकलंस ना?" बाबामियाँनी विचारलं.

"अब्बा, मी... पहिल्या राउंडअबाउटपर्यंत ऐकलं. मग झोप आली."

"आणि नापास झालीस तर?"

"समर क्लासेस. पूर्ण जुलै."

जुलैत रत्नागिरीला तिच्या मावसबहिणीचं, महेकचं लग्न होतं. तिकिटं काढून झाली होती, उमामाचा शरारा शिवून झाला होता. बाबामियाँना स्वतःवर भरवसा नव्हता, कारण आडवा ट्रक आला की त्यांचं कादंबरीवरचं लक्ष उडायचं. म्हणून शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांनी नबील आणि क्लेमेंट दोघांनाही जेवायला बोलावलं. उमामाच्या आई खैरुन्निसांनी सुरमईचं कालवण केलं. उमामा पेन उघडून बसली.

"लिही," क्लेमेंट म्हणाला. "वॉल्टर म्हणून म्हातारा. सफरचंदाची बाग. घरात बायको एडना..."

"बायको?" नबीलचा घास हातात राहिला. "एडना त्याची बहीण आहे, क्लेमेंटभाई. पहिल्याच दिवशी सांगितलं की."

"कुठे सांगितलं?"

"अल हैलला. तुम्ही चढायच्या आधी."

क्लेमेंटने पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी रोज घरी जाऊन रोझलिनला सांगतोय, बघ, एडना नवऱ्याला उलटून एक शब्द बोलत नाही. आता हे तिला कुणी सांगू नका."

"बरं, पुढे," नबीलने सूत्रं हातात घेतली. "भाऊ शहरात. त्याला बाग विकायचीय. तो आजारी पडतो आणि वारतो बिचारा. मी त्या दिवशी ऑफिसात चहासुद्धा नाही घेतला."

"वारतो?" आता बाबामियाँ हसले. "अरे, तू उतरलास आणि तो शुद्धीवर आला. शाळेच्या सिग्नलला सूप प्यायला."

"मग मला कोणी सांगायचं नाही?"

"तू विचारलंस कधी?"

उमामाने लिहिलेलं दुसऱ्यांदा खोडलं. "अंकल, प्लीज. एंड काय आहे? टीचर नेहमी एंडवरच विचारते."

तिघंही कालवणाकडे बघायला लागले. शेवट कुणीच ऐकला नव्हता. वॉल्टर करवत घेऊन वारलेल्या बायकोने लावलेल्या जुन्या झाडाकडे निघाला, तेवढ्यात गुरुवार संपला आणि मुदतही.

"तोडणार," बाबामियाँ ठामपणे म्हणाले. "भावाला हिस्सा द्यायचा तर झाड कशाला ठेवेल? आमच्याकडे एका कलमापायी दोन घरांचं जाणंयेणं बंद आहे."

"हिस्साबिस्सा काही नाही. मागे बिल्डर असणार," वसईचा क्लेमेंट म्हणाला. "आमच्याकडे आधी झाड पडतं, मग बोर्ड लागतो."

"त्याला बायकोची आठवण सोसवत नाही म्हणून तोडतो," नबील म्हणाला. तो नुकताच लग्न करून, बायकोला गावी ठेवून एकटा परत आला होता.

आवाज चढत गेले. खैरुन्निसा भाताचं पातेलं घेऊन आल्या. "म्हाताऱ्या माणसाने करवत घेतली की झाडच तोडतो होय? सुकलेली फांदी छाटत असेल."

"तू ऐकलंयस का एक तरी दिवस?" बाबामियाँनी विचारलं. त्या भात वाढून आत गेल्या.

पण त्या भांडणाने एक झालं. तीन आठवडे झोपलेली उमामा आता शेवट कळल्याशिवाय राहायला तयार नव्हती. रविवारी तिने अब्बांना लवकर निघायला लावलं, लॉकर उघडला आणि तिथेच जमिनीवर बसून शेवटची पानं वाचून काढली.

निकाल लागला तेव्हा गाडीत सगळे होते. उमामा चांगल्या मार्कांनी पास झाली होती. लग्न वाचलं, शरारा वाचला.

"शेवटाला काय लिहिलंस?" क्लेमेंटने विचारलं.

"खरं तेच. तो सुकलेली फांदी छाटतो. भाऊ येऊन शिडी धरतो."

"आणि आमचं?" बाबामियाँनी हळूच विचारलं.

"तेपण लिहिलं. काही वाचकांना असंही वाटतं, म्हणून. टीचर म्हणाली, तो पार्ट बेस्ट होता."

तिघांनीही एकदम सीटवर नीट बसून घेतलं. फांदीची गोष्ट बाबामियाँनी घरी काढली नाही. ती उमामाने सांगितली, आणि त्या दिवशी खैरुन्निसांनी कुणी न मागता खीर केली.

पुढच्या आठवड्यात नवीन कादंबरी लागली, एका निर्जन किनाऱ्यावर राहणाऱ्या म्हातारीची. क्लेमेंट आता मवालेहला उभा राहत नाही. तो टॅक्सी करून अल हैलला येतो आणि पहिल्या वाक्यापासून बसतो. उमामा टक्क जागी असते.

"नबील अंकल," परवा ती म्हणाली, "तुमचं ऑफिस मागे गेलं."

"जाऊ दे, टॅक्सीने परत येईन," नबील म्हणाला. "म्हातारी दार उघडते का ते बघतो आणि उतरतो."