शेजाऱ्यांशी सलोख्याची अट

कायद्याने मिळालेला हक्क कधी झिजत नाही. वापरायलाच न मिळाल्यामुळे आमचा तर अजून कोरा करकरीत आहे. सैदाजवळच्या निर्वासितांच्या छावणीत, सरहद्दीपलीकडच्या आमच्या ऐन जुमैर गावी परतण्यासाठी परतसमिती आहे. (गाव अठ्ठेचाळीसच्या लढाईत सुटलं, समिती काही सुटत नाही.) मी तिचा कायदेसल्लागार. बैरुतला कायदा शिकलो. पण निर्वासिताला इथे वकिली करता येत नाही, तेव्हा माझी सगळी विद्वत्ता समितीच्याच वाट्याला आली.

संयुक्त राष्ट्रसंघाचा ठराव म्हणतो, शेजाऱ्यांशी सलोख्याने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना शक्य तितक्या लवकर घरी परतू द्यावं. जगातले मोठमोठे पंडित 'शक्य तितक्या लवकर'वर अडलेत. आम्ही शिस्तीची माणसं. म्हटलं, आधी सलोखा उरकून टाकू.

तिथे उम्म शकीब आडवी आली. ह्या म्हातारीचं आणि अबू रजबचं गावातल्या सामाईक कुंपणावरच्या अंजिरावरून लहानपणापासून वाकडं. छावणीत आमची गावं गल्लीसकट वसली, त्यामुळे इथेही दोघांची भिंतीला भिंत. (झाड मागे राहिलं, भांडण सुखरूप पोचलं.)

"काकू, मिटवा आता. तुम्ही अटीत बसत नाही," मी समजावलं.

"जळली तुझी अट! त्याच्या बापाने आमची फांदी तोडली, मेल्या!"

"फांदी आमच्या अंगणात होती!" भिंतीपलीकडून अबू रजब.

समितीने खेदाने ठरवलं, की परतीतला मुख्य अडथळा उम्म शकीब हाच आहे. ठराव मीच लिहिला; भाषा फार सुरेख साधली होती.

गेल्या शुक्रवारी म्हातारी काठी टेकत बैठकीत आली. मागे अबू रजब, हातात कॉफीची किटली.

"अर्धं अंजीर त्याचं, जा! डोळे मिटायच्या आत एकदा त्या झाडाखाली बसायचंय मला. झाली ना अट पुरी? मग सांग, गाडी कधी?"

सगळी समिती माझ्याकडे बघायला लागली. मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"शक्य तितक्या लवकर, काकू."

म्हातारी काठी बाजूला ठेवून बसली. अबू रजबने तिच्या कपात कॉफी ओतली. "भांडण होतं तेच बरं होतं गं," तो म्हणाला. "निदान आपल्यामुळे अडलंय असं तरी वाटायचं."

हसा, खुशाल हसा आम्हाला. तुमचं गाव जागेवर आहे, गाडीही रोज जाते. मग बांधावरून भावाशी वाजलंय म्हणून किती वर्षं गेला नाहीत?