सिलिंडरला ओला पंचा

नागपूरच्या उन्हाळ्यात माठाला ओले फडके गुंडाळून पाणी गार करण्याची विद्या ज्याला अवगत आहे, त्याला अमेरिकेत काय अवघड, अशी मनोहरपंतांची खात्री होती. (पंतांची खात्री हा घरात सर्वांच्याच धास्तीचा विषय होता.) म्हणूनच मुलाच्या हर्नडनमधल्या घरी जुलैच्या एका घामट सकाळी सुनेचा सिलिंडर आपणच गार ठेवावा, असे त्यांनी ठरवले.

सून राधिका आठवडाभर ऑफिसात कोडिंग करी आणि शनिवारी ट्रॅकवर शर्यतीची गाडी पळवी. आज तिची पहिलीवहिली फायनल होती. दमट उकाड्यात इंजिनाला प्राणवायू कमी पडून धाप लागते, ती उणीव नायट्रस वायू भरून काढतो. मात्र त्या वायूचा सिलिंडर तापला की दाब वाढून इंजिनच जळायची भीती, हे तिने सासऱ्यांना समजावले होते. त्यांनी ‘तापला’ एवढेच मनावर घेतले.

एसीच्या खोलीतला सिलिंडर त्यांनी मागच्या डेकवर आणला, ओल्या पंच्यात गुंडाळला आणि भर उन्हात ठेवला. झळ जितकी मोठी तितका माठ गार, हा त्यांचा सिद्धांत.

“अहो, माझे सांडगे तीन दिवस इथे वाळत नाहीयेत,” अहिल्याबाई म्हणाल्या. “तुमचा पंचा कसा वाळणार? आणि वाळलाच नाही, तर गार काय होणार?”

“तुला त्यातलं शास्त्र कळायचं नाही,” म्हणत पंतांनी आणखी एक तांब्या ओतला.

तासाभरात, दाब फार वाढला की वायू बाहेर सोडणारी सिलिंडरची सुरक्षा-चकती फुटली. फुस्सकन निघालेल्या पांढऱ्या ढगात पंत, पंचा आणि सांडगे अदृश्य झाले. राधिका धावत आली. तिने आधी सासऱ्यांचे हात आणि डोळे तपासले, मग रिकामा सिलिंडर पाहिला. वायूविनाच ती फायनलला गेली आणि एका गाडीच्या अंतराने हरली.

संध्याकाळी मुलगा श्रीरंग गॅस कसा संपला ते खोदून विचारू लागला, तेव्हा पंतांनी मान खाली घातली.

“उकाडाच फार होता रे,” राधिका म्हणाली.

अहिल्याबाईंनीही, संसारात प्रथमच, मौन पाळले. श्रीरंग आत गेल्यावर पंतांचे डोळे भरून आले. “सूनबाई, तुझे उपकार कसे फेडू?”

“उपकार कसले, बाबा? तुम्हाला लागलं नाही, हे मला फायनलपेक्षा मोठं आहे. पुढच्या शनिवारपासून माझ्याबरोबर ट्रॅकवर यायचं.”

पंतांची छाती फुगली. “सल्लागार म्हणून?”

“नाही, बाबा. सिलिंडरला कुलूप लावता येतं. तुम्हाला मात्र नजरेसमोरच ठेवावं लागेल.”