नवसाचा कोंबडा आणि गुप्त तक्रार

काहीही करण्याआधी नियम विचारून घ्यावा, एवढंच माझं म्हणणं होतं. पुढचं सगळं त्या विचारण्यातूनच झालं.

माझी नोकरी पक्की व्हावी म्हणून सासूबाईंनी नांदगावच्या म्हसोबाला कोंबडा बोलला होता. नोकरी पक्की झाली आणि सोमवारी सासूबाई एसटीने थेट पंचवटीतल्या आमच्या रो-हाऊसवर हजर. पिशवीतून कोंबड्याची मान बाहेर. (मी आधी किंचाळले, मग नमस्कार केला.)

"घरची रीत हाय, तेजू. ज्याच्यासाठी नवस, त्यानं सात दिवस आपल्या हातानं दाणे घालायचे. रविवारी म्हसोबाला नेऊ. तवर याच्या पिसाला धक्का लागला, तर नवस फुकट."

नवस फुकट म्हणजे नोकरी... पुढचा विचार मी केलाच नाही.

मंगळवारी पहाटे तो मागच्या अंगणात आरवला आणि मी पलंगावरून खाली. ("अलार्म बंद कर," नवरा झोपेतच म्हणाला.) आपल्या कॉलनीत हे चालतं का? सेक्रेटरी वाल्मीककाकांना तोंडावर विचारायची हिंमत नव्हती. (नाव तेजस्विनी, पण मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते.) म्हणून सोसायटीच्या ॲपवर लिहिलं, 'कॉलनीत कोंबडा पाळणं नियमात बसतं का? पहाटे आरवतो.' खाली 'नाव गुप्त ठेवा' असा चौकोन होता. तिथे टिक केली.

गुरुवारी संध्याकाळी वाल्मीककाका दारात.

"वहिनी, कोंबड्याबद्दल तक्रार आलीये. उद्या सकाळी हलवावा लागेल."

सात दिवस तर अजून भरले नव्हते. मी घाईने विचारलं, "कोणी केली?"

"नाव गुप्त आहे."

"शेजारीणच," सासूबाई म्हणाल्या. "काल भिंतीवरनं टकामका बघत व्हती. अन मी येडी, तिला पेरू दिले."

"तक्रारदाराने मागे घेतली तर राहू द्या," म्हणत काकांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि वाचलं, "कॉलनीत कोंबडा पाळणं नियमात बसतं का? पहाटे आरवतो."

मी भिंतीला टेकले. ॲपला प्रश्न कळतच नव्हता. त्याच्या लेखी सगळ्या तक्रारीच.

"ज्यानं लिवलं त्याची जीभ झडो," सासूबाई म्हणाल्या.

"आई, असं नका ना म्हणू."

"तू लय भोळी हाय गं."

चहा ठेवते म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले. ॲप उघडून 'तक्रार मागे घ्या' दाबलं. बाहेर काकांचा मोबाईल टिंग वाजला.

"अरे वा, घेतली की मागे," काका म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात, "थांबा हं, मागे घेतली की नाव दिसतं वाटतं. तेजस्विनी... रो-हाऊस नंबर सात." त्यांनी आमच्या दारावरचा सात बघितला.

मी चहाची गाळणी हातात धरून दारात उभी.

सासूबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे काकांकडे वळल्या.

"वाल्मीकभाऊ, तुमच्या नियमात दोन कोंबडे बसतील का? एक हिच्या अकलेसाठी बोलावा लागंल."