याकोबरावांनी नाहीशी केलेली भिंत

याकोब त्रिभुवन रोज सकाळी एका विशिष्ट काचेची परीक्षानळी तेलाने भरून बरणीतल्या भुईमुगाच्या तेलात बुडवतात, आणि ती डोळ्यांदेखत दिसेनाशी झाल्यावरच चहाच्या कपाला तोंड लावतात. एकदा नळी चुकून दिसत राहिली (बरणीत मोलकरणीने खोबरेल मिसळले होते), तेव्हा त्यांनी चहा घेतला नाही.

या गृहस्थाविषयी पुणतांब्यात तीन हकिकती प्रचलित आहेत. सलूनमधली हकिकत अशी, की ते स्वतः गायब होण्याच्या खटपटीत होते. मोबाईलवरच्या गटात फिरणारी अशी, की माझी भिंत अडीच मिनिटे नाहीशी होऊन परत आली. तिसरी दूध डेअरीवर सांगितली जाते आणि तिच्या अखेरीस मी, या गावचा सेवानिवृत्त मुख्याध्यापक, रडतो. तिन्ही खोट्या आहेत. घटनास्थळी मी होतो. सलूनवाले फक्त जवळपास होते.

याकोबराव आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. विज्ञानशिक्षक बदलत गेले. विज्ञान याकोबरावांकडे राहिले. ते म्हणत, "वस्तू दिसती म्हंजी काय, सर? उजेड तितं अडखळतो. ह्या काचंत आन तेलात उजेड एकाच चालीनं चालतो. अडखळलाच न्हाई, तर नळी दिसंल कशाला?"

"मग माणूसही असा नाहीसा करता येईल?" मी एकदा विचारले.

"येईल की. पर कुणाच्या डोळ्याला, ते आधी सांगा."

हे त्यांचे पालुपद. त्यांच्या मते साऱ्या जगाला न दिसणारी वस्तू अजून कोणी केलेली नाही. परदेशात उजेड वळवून नेणारे पदार्थ घडवत आहेत, लष्करांना त्यांत रणगाडे लपवायचे आहेत, हे सर्व ते मोबाईलवर वाचत आणि मान हलवत. "लपवत्यात, पर बघनारा कुठं उभा हाय ते सांगत न्हाईत. आधी डोळा ठरवावा, मग वस्तू."

याच तत्त्वापायी त्यांनी एका विज्ञान प्रदर्शनात वरिष्ठ अधिकाऱ्यांची मान धरली. मोजून ठेवलेल्या अंतरावर चार भिंगे एका रांगेत होती आणि मागे चौकटींचा कागद. भिंगांच्या मधोमध बोट बरोबर जागी धरले, की समोरून पाहणाऱ्याला बोट दिसत नसे. चौकटी मात्र अखंड दिसत. साहेब बाजूला उभे राहून म्हणाले, "मला तर बोट स्वच्छ दिसते आहे." याकोबरावांनी त्यांची मान मागून पकडली आणि वाकवली. "सायेब, डोळा हितं लावा. तुमी हुता तितनं तर मलाबी दिसतंय."

साहेबांना बोट दिसले नाही. मला माझी पदोन्नती दिसली नाही. मी त्या वेळी चक्कर येऊन पडलो, असे शिक्षकांच्या खोलीत सांगत. मी खुर्चीवर बसलो होतो. बसणे आणि पडणे यांत फरक आहे.

निवृत्तीनंतर आम्ही शेजारी झालो. मध्ये गुडघ्याएवढे मेंदीचे कुंपण होते. याकोबरावांनी अंगणात आरशांचे प्रयोग आरंभले आणि रोज सकाळी आठ वाजता उन्हाचा एक झगझगीत चौकोन माझ्या वर्तमानपत्राच्या अग्रलेखावर येऊन बसू लागला. मी तीन वेळा समज दिली. चौथ्या वेळी गवंडी बोलावला. भिंत जागेच्या वादातून झाली, असे म्हणणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी: भिंत अग्रलेखासाठी झाली. आठ फूट उंच. ओळंबा मी स्वतः धरला होता.

काम दोन फुटांवर आले असता याकोबराव आले. "सर, हितंच थांबलं तर न्हाई का चालनार? आक्का पडून असती."

मार्थाआक्का त्यांची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती. निम्मे गाव तिच्या हातून जन्मले आहे. खुब्याचे हाड मोडल्यापासून ती खाटेवर होती. मी निर्दय नाही. आक्काला वारा लागावा म्हणून मी भिंतीला वरच्या बाजूस सहा झरोके ठेवायला लावले. याकोबराव झरोक्यांकडे पाहत राहिले आणि पाठ फिरवून गेले. मला ते कृतघ्नपणाचे वाटले.

पुढे महिनाभर पलीकडे ठोकाठोकी चालली. जुन्या कपाटांचे आरसे आले, ते टेकवायला लोखंडी घोडे आले. भिंतीच्या वर एक आरसा तिरका डोकावू लागला. मग एका सकाळी आक्काचा खणखणीत आवाज आला, "याकोब्या, नुसती टकलं दिसत्यात रं! टकलावरनं मानूस कसा वळखू?"

मी त्या वेळी अंगणात टोपीविना उभा होतो. ते उद्गार मी व्यक्तिगत मानले.

दुसऱ्या दिवशी याकोबराव दारात. हातात बांबूची काठी, तिच्यावर जमिनीपासून अडीच फुटांवर खडूची एकच खूण. "सर, तुमच्या अंगनात दोन आरसे लावायचेत. एक खाली, एक वर. तुमची भिंत गायब करायची हाय."

"माझी भिंत?"

"व्हय. उजेड वरनं उचलून पलीकडं खाली आनायचा. दोनांत भागंना, उंचावरनं डोकीच दिसत्यात. चार लागत्यात."

हे आव्हान होते. मी अट घातली: रविवारी गावासमक्ष प्रयोग दाखवावा, भिंत दिसली तर सोमवारी आरसे काढावेत. ते लगेच माझ्या अंगणात गुडघ्यांवर बसले, काठी उभी केली आणि तिच्या खुणेला डोळा लावून माझ्या जाळीच्या फाटकातून पलीकडचा रस्ता न्याहाळू लागले. माणूस हातचा गेला, असे मी पत्नीला सांगितले.

रविवारी तीस माणसे याकोबरावांच्या अंगणात जमली. भिंत होती. तसूभरही हलली नव्हती.

"गायबभाऊ, भिंत तर हितंच हाय की!" सलूनवाला ओरडला. "डोकं आपटून दाखवू का?"

"तुमी उभं हाय," याकोबराव म्हणाले.

"मग काय लोळू?"

हशा उसळला. याकोबरावांनी एकदा घराच्या खिडकीकडे पाहिले. मी पुढे होऊन प्रयोग फसल्याचे जाहीर केले. काहीशा आनंदाने केले, हे मान्य करतो.

सोमवारी सकाळी मी आरसे उतरवून घेण्यास गेलो. याकोबराव शिडीवर चढून पाना फिरवत होते. "आक्काला भेटा तवर," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. भिंत झाल्यापासून मी त्या घरात पाऊल ठेवले नव्हते.

"या सर. लई दिसांनी," आक्का म्हणाली. खाट खिडकीला लागून होती. उशाशी ती बांबूची काठी उभी होती आणि तिच्यावरची खडूची खूण बरोबर आक्काच्या डोळ्यांशी येत होती.

तेवढ्यात ती खिडकीकडे पाहून ओरडली, "याकोब्या, थांब, पाना ठिव! सर, तुमच्या मंडळी बाजारातनं आल्या. डावा पाय वढत्यात. कवापासनं?"

"आक्का, तिचे पाय उत्तम आहेत," मी म्हणालो. "आणि समोर माझी भिंत आहे. तुम्हांला माझी पत्नी कशी दिसेल?"

"उभं ऱ्हाऊन काय दिसतंय? वाका हितं."

तिने हात वर करून माझी मान धरली. नर्सची पकड होती. गाल उशीला टेकेपर्यंत तिने मला वाकवले.

भिंत नव्हती.

खिडकीत माझे फाटक होते, फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यावर शाळेच्या मुली, सायकलवर दूधवाला. आणि हातात पिशवी घेऊन माझी पत्नी. चार पावले चालायची, थांबायची, डावा गुडघा चोळायची, इकडेतिकडे पाहून पुन्हा चालायची. फाटकाशी येताच ती ताठ झाली आणि नीट चालत आत गेली.

"दिसभर हेच बघती मी," आक्का म्हणाली. "सगळी माझ्या हातची पोरं. कोन वाळलं, कोन दोन जीवाची झाली, कळतं. भिंत झाल्यावर वाटलं, गावच मेलं."

मी बाहेर आलो. याकोबराव शिडीवर तसेच थांबले होते.

"काल लोकांना आत का नेले नाही?"

"आक्काच्या खाटंवर तीस गडी कसं लोळवू, सर? पडून हाय ती. तमाशा हाय का?"

"स्क्रू घट्ट करा," मी म्हणालो.

"मग भिंत गायब झाली का न्हाई?"

"कुणाच्या डोळ्यांना, ते आधी सांगा."

ते शिडीवर इतके हसले, की मला शिडी धरावी लागली. मी भिंत पाडण्याची तयारीही दर्शवली. त्यांनी कानाला हात लावले. "आता पाडू नका, सर. प्रयोगच जाईल!"

पत्नीचा गुडघा डॉक्टरांना दाखवला. उपचार चालू आहेत. माझ्यापासून पाय लपवायला तिला एकही आरसा लागला नव्हता, हे मी याकोबरावांना अद्याप सांगितलेले नाही.

आता दूध डेअरीच्या हकिकतीविषयी. माझ्या अंगणातले दोन आरसे रोज सकाळी मी पुसतो. धूळ डोळ्यांत जाते. एवढ्यावरून लोक मी रडतो असे सांगतात. खालचा आरसा पुसताना त्यात आधी आकाश दिसते, मग भिंतीपलीकडची खिडकी आणि खिडकीत उशी. उजेड ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परत येतो, असे याकोबराव म्हणतात. तेवढा वेळ आक्काला रस्ता दिसत नाही, मी दिसतो. उशीवरून एक सुरकुतलेला हात वर होतो आणि हलतो.

मी हात हलवत नाही. माझ्या हातात फडके असते, ते हलते.